एचडीएमआयचा आवाज कधी येतो, कधी येत नाही? आधी चित्र तपासा

कालपर्यंत नीट वाजणारा प्लेअर आज मुका. रीस्टार्ट केला की वाजतो, दोन दिवसांनी पुन्हा तेच. कधी टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी, पण फोनवरच्या अ‍ॅपमध्ये गाणं खुशाल पुढे सरकतंय. कधी चित्र ठणठणीत आणि आवाजाचा पत्ता नाही. कधी प्रत्येक गाण्याचा पहिला शब्द गिळला जातो. गाणी वाजवण्यासाठी रास्पबेरी पाय हा इवलासा संगणक किंवा एखादा मिनी पीसी एचडीएमआयने टीव्हीला किंवा एव्ही रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) जोडणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात. त्यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो सगळी सिस्टीम पुन्हा टाकण्याचा. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी करायचा. प्लेअर बहुधा निर्दोष असतो. गडबड असते ती त्याच्या खाली, संगणक आणि टीव्ही यांच्यात झालेल्या किंवा न झालेल्या बोलण्यात.

आवाजाला स्वतःची तार नाही

एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. संगणकाकडून टीव्हीकडे आवाज नेण्यासाठी त्यातली एकही राखून ठेवलेली नाही. चित्राची एक ओळ संपून पुढची सुरू होईपर्यंत जी मोकळी जागा उरते, त्या फटीत आवाजाची पाकिटं भरलेली असतात. आवाजाचं घड्याळसुद्धा वेगळं येत नाही. १०८०पी, ६० हर्ट्झचं चित्र १४८.५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालतं. ४८ किलोहर्ट्झचा आवाज असेल तर संगणक त्यासोबत दोन आकडे पाठवतो, ६१४४ आणि १४८५००. चित्राच्या घड्याळाला पहिल्याने गुणून दुसऱ्याने भागायचं आणि त्यावरून आवाजाची गती पुन्हा उभी करायची, हे काम टीव्हीचं किंवा रिसीव्हरचं. थोडक्यात, आवाज चित्राच्या गाडीत बसून येतो, आणि गाडीच सुटली नाही तर तोही घरीच. म्हणून तुम्हाला पडद्यावर काही बघायचं असो वा नसो, चित्राचा सिग्नल अखंड चालू राहिला पाहिजे.

हा सिग्नल सुरू होण्याआधी एक छोटी देवाणघेवाण होते. संगणक १८ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट देतो. टीव्ही तेच व्होल्टेज १९ नंबरच्या पिनवरून परत दाखवतो, म्हणजे ‘मी इथे आहे’. याला हॉटप्लग म्हणतात. मग संगणक १५ आणि १६ या पिनांवरून टीव्हीची ओळखपत्रिका वाचतो, तिला ईडीआयडी म्हणतात. १२८ बाइटचा मूळ भाग आणि त्याला जोडलेला पुरवणी भाग, एवढीच ती असते. मूळ भागात चालणारी रिझोल्युशन्स असतात. आवाजाचे प्रकार, चॅनेल किती, सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने) कोणते, आणि मुळात हे उपकरण एचडीएमआयचं आहे की जुन्या डीव्हीआयचं, हे सगळं पुरवणीत असतं.

बहुतेक कोड्यांची किल्ली इथे आहे. ओळखपत्रिका वाचता आली नाही, किंवा पुरवणी भाग वाचताना गडबडला, तर संगणक समोरच्याला डीव्हीआय समजतो. डीव्हीआयमध्ये आवाज नसतोच. मग चित्र अगदी स्वच्छ येतं आणि आवाज पाठवलाच जात नाही. प्लेअरला कधी एरर मिळते, कधी तीही नाही.

लक्षणावरून दिशा

तपासणी सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून टाका: आवाज जातो तेव्हा चित्राचं काय होतं? प्लेअरला पडदा लागत नाही म्हणून टीव्ही दुसऱ्याच इनपुटवर असतो आणि हे कोणी बघतच नाही. चित्रही जात असेल तर वीज, केबल, हॉटप्लग किंवा स्क्रीन झोपण्याची सेटिंग. चित्र आहे पण आवाज सुरुवातीपासूनच नाही, तर ओळखपत्रिका किंवा आवाजाच्या कार्डाचं नाव. आवाज येतो पण सुरुवात कापली जाते, तर रिसीव्हरला नवीन सिग्नल पकडायला लागणारा वेळ. चित्र स्थिर आहे आणि आवाज मधेच अडखळतो, तर बहुधा नेटवर्क. ही विभागणी शंभर टक्के काटेकोर नाही, पण वेळ खूप वाचवते.

दुसरी गोष्ट, आधी साखळी लहान करा. संगणक, मध्ये स्विच, मग आवाज वेगळा काढणारा डबा, मग रिसीव्हर, मग टीव्ही, अशी रांग असेल तर वाटेत तीन ठिकाणी ओळखपत्रिका बदलली जाऊ शकते. थेट टीव्हीला एक छोटी केबल लावून बघा. तिथे सगळं सुरळीत असेल तर संगणकाच्या सेटिंगमध्ये हात घालायचं कारणच नाही.

आणि उपकरणं ‘बंद’ करायची म्हणजे प्लग काढायचा. टीव्ही आणि रिसीव्हर स्टँडबायमध्ये अर्धवट जागेच असतात आणि अडकलेला संवाद तसाच धरून बसतात. सगळ्यांची वीज काढा, एचडीएमआय केबलही दोन्हीकडून काढा, मिनिटभर थांबा. मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर, आणि दोन्ही पूर्ण जागे झाल्यावर संगणक. या क्रमाने दर वेळी चालतं आणि उलट क्रमाने चालत नाही असं दिसलं, तर हॉटप्लग आणि ओळखपत्रिका यांच्याकडेच वळायचं.

वीज

रास्पबेरी पायवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा चालवा (ही आणि पुढची सगळी नावं टाइप करताना इंग्रजी अक्षरांत). उत्तर ०एक्स० आलं तर या बाबतीत निश्चिंत व्हा. ०एक्स५०००० आलं तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. ०एक्स५०००५ म्हणजे आत्ता या क्षणीही ते कमी आहे. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की बोर्ड ही नोंद करतो. एचडीएमआयच्या पिनवर जाणारे ५ व्होल्ट याच पुरवठ्यातून निघतात, त्यामुळे फोनच्या चार्जरवर चालणारा पाय एखाद्या दिवशी टीव्हीला ओळखतो आणि एखाद्या दिवशी नाही, यात नवल काही नाही. पाय ४ साठी ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा आणि पाय ५ साठी ५.१ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे. चार्जरवर छापलेल्या आकड्याइतकीच त्याची तारही महत्त्वाची. लांब आणि बारीक यूएसबी केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच झिजतं.

केबलवर उगाच आळ

केबल बदलून बघणं सोपं असतं, म्हणून सगळा दोष तिच्यावर जातो. तिचा दोष ओळखायची एक चांगली खूण आहे. केबलमुळे चुका होत असतील तर चित्रात पांढरे ठिपके चमकतात, आडव्या रेघा येतात, किंवा चित्र क्षणभर काळं होऊन परततं. आवाजाच्या पाकिटांना चूक दुरुस्त करणाऱ्या बिटांचं संरक्षण असतं, चित्राच्या ठिपक्यांना ते नसतं. म्हणजे केबल बिघडत चालली की चित्र आधी तक्रार करतं. चित्र निष्कलंक आणि आवाज तेवढा तडतडतोय, असं असेल तर नवीन केबल घेऊन फारसं काही पदरात पडणार नाही. आणि केबलमुळे आवाज ‘पातळ’ होतो किंवा बास कमी होतो, हे तर सोडूनच द्या.

तरीही दोन गोष्टी बघाव्यात. ‘स्टँडर्ड’ वर्गाच्या केबलची चाचणी ७४.२५ मेगाहर्ट्झपर्यंतच होते, म्हणजे ७२०पी किंवा १०८०आय. १०८०पी साठी ‘हाय स्पीड’ वर्ग हवा, त्याची चाचणी ३४० मेगाहर्ट्झपर्यंत असते. दुसरी, आणि जास्त वेळा आढळणारी गोष्ट म्हणजे बोर्डाकडचं टोक. पाय ४ आणि ५ वर मायक्रो एचडीएमआय आहे, पाय झीरोवर मिनी. त्यात छोटा अडॅप्टर, अडॅप्टरला जाड केबल, आणि केबलचं सगळं वजन त्या इवल्याशा सॉकेटवर. जरा धक्का लागला की ओळखपत्रिकेच्या पिनांचा संपर्क जातो आणि चित्राच्या पिनांचा मात्र टिकतो. अडॅप्टरऐवजी एका टोकाला थेट मायक्रो प्लग असलेली, पातळ आणि लवचिक केबल घ्या. पाय ४ आणि ५ वर दोन पोर्ट आहेत. यूएसबी-सी च्या लगतचा पोर्ट म्हणजे एचडीएमआय ०. एकच पडदा असेल तर तोच वापरा, कारण बऱ्याच तयार सिस्टीम आवाज तिकडेच पाठवतात.

सिग्नल सक्तीने चालू ठेवणं

टीव्ही बंद असताना संगणक बूट झाला आणि नंतर टीव्ही लावला तर काहीच येत नाही, ही सगळ्यात जुनी तक्रार. यावर शोधलंत की सगळीकडे एकच सल्ला सापडतो: पायच्या ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एचडीएमआय_फोर्स_हॉटप्लग’ ला १ आणि ‘एचडीएमआय_ड्राइव्ह’ ला २ द्या. पहिली ओळ म्हणजे टीव्ही असो वा नसो, तो आहे असं समज. दुसरी म्हणजे डीव्हीआय नको, आवाजासकट एचडीएमआयच पाठव. जुन्या सिस्टीमवर हा सल्ला अचूक होता आणि आजही आहे.

मात्र २०२१ च्या ‘बुल्सआय’ आवृत्तीपासून रास्पबेरी पायच्या सिस्टीममध्ये चित्राचं काम फर्मवेअरकडून काढून लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरकडे दिलं गेलं. ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ मध्ये ‘व्हीसी४-केएमएस-व्ही३डी’ असं नाव असलेली ओळ दिसली तर तुमच्याकडे नवा ड्रायव्हर आहे. त्याच्यासमोर या जुन्या ओळींवर विसंबता येत नाही. लोक त्या लिहितात, रीस्टार्ट करतात, योगायोगाने एकदा आवाज येतो, आणि उपाय सापडला असं वाटतं. ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून तर फाइलची जागाही बदलली. ती आता बूट फोल्डरातल्या ‘फर्मवेअर’ या उपफोल्डरात असते. जुन्या जागी लिहिलेलं कोणी वाचतच नाही.

नव्या ड्रायव्हरसाठी तिच्या शेजारच्या ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’ या फाइलमधल्या त्या एकुलत्या एका लांब ओळीच्या शेवटी, एक जागा सोडून, ‘व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:१९२०एक्स१०८०@६०डी’ हे घालायचं, अर्थात इंग्रजी अक्षरांत. शेवटचा ‘डी’ कॅपिटल हवा. तो म्हणजे ‘जोडलेलं आहे असं धर आणि डिजिटल सिग्नल चालू ठेव’. नवी ओळ मात्र करू नका. त्या फाइलमध्ये दुसरी ओळ सुरू केली की पुढचं सगळं वाया जातं.

एवढ्याने चित्र नक्की येतं. आवाज येईलच असं नाही, आणि इथेच पुष्कळ जण अडकतात. टीव्ही बंद असताना सिग्नल सक्तीने चालू केला तरी ओळखपत्रिका कुठून येणार? ती नाही म्हणजे समोर आवाजाचं उपकरण आहे हे ड्रायव्हरला कळत नाही, आणि तो बिनआवाजाचा सिग्नल पाठवतो. म्हणून दुसरी पायरीही करावी लागते. टीव्ही आणि रिसीव्हर नीट चालू असताना, आवाज येत असताना, ओळखपत्रिका एका फाइलमध्ये जपून ठेवायची आणि पुढे दर वेळी तीच वापरायला सांगायची.

ती मिळते ‘/सिस/क्लास/डीआरएम’ या फोल्डरात. तिथे प्रत्येक पोर्टचा एकेक उपफोल्डर असतो, त्याच्या नावात ‘एचडीएमआय-ए-१’ असं येतं. आत ‘स्टेटस’ नावाची फाइल आहे. तिच्यात ‘कनेक्टेड’ आहे की ‘डिस्कनेक्टेड’ हे आधी वाचा, हॉटप्लगची शहानिशा तिथल्या तिथे होते. शेजारची ‘ईडीआयडी’ फाइल म्हणजे आपली ओळखपत्रिका. तिची लांबी शून्य असेल तर वाचन झालेलंच नाही. फक्त १२८ बाइट असेल तर पुरवणी भाग आलेला नाही, म्हणजे आवाजाची माहितीही नाही. २५६ किंवा त्याहून जास्त असेल तर ‘ईडीआयडी-डीकोड’ या प्रोग्रामने ती उलगडून ऑडिओचा भाग आहे ना ते बघा. चांगली प्रत ‘/लिब/फर्मवेअर/ईडीआयडी’ मध्ये ‘टीव्ही.बिन’ अशा नावाने ठेवा आणि ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’ मध्ये ‘डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर=एचडीएमआय-ए-१:ईडीआयडी/टीव्ही.बिन’ जोडा. तुमची सिस्टीम इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टीम) वापरत असेल तर ही फाइल त्यातही असावी लागते, नाहीतर बूटच्या वेळी ती सापडत नाही.

टीव्ही बदललात तर ही फाइलही बदलावी लागेल, हे कुठेतरी लिहून ठेवा. जुन्या टीव्हीची पत्रिका नव्याच्या माथी मारली की भलतेच घोळ होतात.

आवाजाचं कार्ड: आकडा नको, नाव हवं

आता सिग्नल स्थिर आहे, पण आवाज अजून नाही असं धरू. ‘एप्ले -एल’ चालवा आणि कोणती कार्डं दिसतात ते बघा. नव्या ड्रायव्हरवर, पाय ४ आणि ५ असेल तर, एचडीएमआयची दोन कार्डं ‘व्हीसी४एचडीएमआय०’ आणि ‘व्हीसी४एचडीएमआय१’ या नावांनी येतात. पाय ४ पर्यंतच्या हेडफोन जॅक असलेल्या मॉडेलवर ‘हेडफोन्स’ हेही असतं. (पाय ५ वर हा जॅकच नाही, आणि झीरोवर तो कधी नव्हताच. एचडीएमआयच्या वाटेला इतके लोक लागतात त्याचं हे एक कारण.)

एचडीएमआयचं कार्डच दिसत नसेल तर ‘व्हीसी४-केएमएस-व्ही३डी’ च्या पुढे स्वल्पविराम देऊन ‘नोऑडिओ’ लिहिलंय का बघा. डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग करणारा, बोर्ड बसवायच्या सूचनांमध्ये हे लिहायला सांगितलेलं असतं. बोर्ड नंतर काढला जातो, ओळ तशीच राहते.

कार्डांचे क्रमांक बूटच्या वेळी जो आधी जागा होईल त्याप्रमाणे लागतात. यूएसबी डॅक लावलात, काढलात, किंवा कर्नल अपडेट झालं, की कालचं कार्ड १ आज कार्ड २ होऊ शकतं. प्लेअरच्या सेटिंगमध्ये आकडा लिहिलेला असेल तर तो आता भलत्याच दारावर टकटक करतोय. ‘रीस्टार्टनंतर कधी चालतं, कधी नाही’ या तक्रारीचं हे फार मोठं कारण आहे, आणि त्याचा एचडीएमआयच्या तारांशी काही संबंध नाही. नेहमी ‘कार्ड=व्हीसी४एचडीएमआय०’ असं नाव लिहा.

यात आणखी एक खोच आहे. शुद्धतेच्या ओढीने आपण प्लेअरला थेट हार्डवेअर, म्हणजे ‘एचडब्ल्यू’ ने सुरू होणारं नाव देतो. यूएसबी डॅकसाठी ते योग्यच. पण पायच्या नव्या एचडीएमआय ड्रायव्हरला साधा पीसीएम आवाज घेताच येत नाही. त्याला ‘आयईसी९५८ सबफ्रेम’ या आकारात बांधलेला आवाज लागतो. थेट नाव दिलं की ‘सॅम्पल फॉरमॅट उपलब्ध नाही’ अशा अर्थाची एरर लॉगमध्ये पडते आणि पडद्यावर गाणं शून्य सेकंदावर थबकतं. ‘एचडीएमआय:कार्ड=व्हीसी४एचडीएमआय०’ हे नाव दिलं की आल्सा, म्हणजे लिनक्सची आवाजाची यंत्रणा, ती बांधणी स्वतः करते. त्यात आवाजाच्या दर्जाचं काही बिघडत नाही, तेच बिट वेगळ्या वेष्टनात जातात.

खात्रीसाठी प्लेअर बंद करून ‘स्पीकर-टेस्ट’ दोन चॅनेलवर याच नावाने चालवा. तिथे आवाज आला तर खालची सगळी साखळी ठीक आहे आणि उरलेला दोष प्लेअरच्या सेटिंगचा. तिथेही आला नाही तर प्लेअर कितीही वेळा बदललात तरी फरक पडणार नाही.

इंटेलच्या मिनी पीसीवर गोष्ट थोडी निराळी. एकाच कार्डाखाली एचडीएमआयची तीन-चार दारं असतात, बहुधा ३, ७, ८ अशा क्रमांकांची, आणि पडदा त्यातल्या एकाच दाराशी असतो. ‘/प्रोक/एसाउंड’ मध्ये ‘ईएलडी’ नावाच्या फाइली उघडा. ज्या फाइलीत टीव्हीचं नाव दिसेल ते आपलं दार. ‘आल्सामिक्सर’ मध्ये आयईसी९५८ च्या खाली ‘एमएम’ दिसत असेल तर ते म्यूट आहे, ‘एम’ दाबून उठवा.

पहिला शब्द का गिळला जातो

रिसीव्हरला आवाजाचा नवा सिग्नल आला की तो आधी घड्याळ जुळवतो, प्रकार ओळखतो, आणि तोवर स्पीकर म्यूट ठेवतो. कुणाला अर्धा सेकंद लागतो, कुणाला दोन. सीडीवरून आलेली गाणी ४४.१ किलोहर्ट्झची, दुसरा अल्बम ९६ चा, इंटरनेट रेडिओ ४८ चा. प्रत्येक बदलाला हा सोहळा पुन्हा होतो. शिवाय गाणं पॉझ केलं की पुष्कळ प्लेअर कार्ड सोडून देतात आणि सुरू करताना पुन्हा उघडतात, तेव्हाही तेच.

एमपीडी या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये, म्हणजे व्होल्युमिओही त्यात आलं, आल्साच्या आउटपुटला ‘क्लोज_ऑन_पॉझ’ अशी सेटिंग आहे आणि ती मुळात चालू असते. ती बंद करा. ‘ऑलवेज_ऑन’ चालू केलंत तर एमपीडी कार्ड सहसा सोडत नाही. स्क्वीझलाइट या प्लेअरमध्ये कॅपिटल ‘-सी’ ने ठराविक सेकंद रिकामं राहिल्यावर कार्ड बंद होतं. तुमच्या सुरू करण्याच्या ओळीत तो पर्याय घातलेला असेल तर काढून टाका. कोडी या मीडिया प्लेअरमध्ये ऑडिओ उपकरण जागं ठेवण्याची सेटिंग आहे, ती ‘नेहमी’ वर न्या, आणि अगदी हलका नॉइज पाठवायचा पर्यायही तिथेच आहे, काही रिसीव्हरांना निव्वळ शांतता पुरत नाही. मिनी पीसीवर ‘एसएनडी_एचडीए_इंटेल’ या मॉड्यूलची ‘पॉवर_सेव्ह’ शून्य करा.

सॅम्पल रेटच्या बदलाचं काय? माझं मत स्पष्ट आहे: एचडीएमआयवर ऐकत असाल तर सगळं एकाच रेटला आणा. टीव्ही असेल तर ४८ किलोहर्ट्झ. चांगल्या रीसॅम्पलरने केलेला बदल टीव्हीच्या स्पीकरवर काय, बऱ्यापैकी रिसीव्हरवरही कळणार नाही. दर दुसऱ्या गाण्याची सुरुवात कापलेली मात्र नक्की कळते. ‘बिट परफेक्ट’ चा, म्हणजे एकही बिट न बदलण्याचा, आग्रह असेल तर तो आग्रह डॅकवर पुरा करावा. तसंही टीव्हीत शिरून पुढे एआरसीने (एचडीएमआयच्याच तारेतून उलट्या दिशेने) साउंडबारकडे जाणाऱ्या आवाजाचं टीव्ही वाटेत काय करतो, यावर आपलं नियंत्रण नसतं. रिसीव्हर असेल तर संगणक थेट त्याला जोडा, टीव्हीच्या मागून नको.

ठराविक वेळाने आवाज जातो

बरोबर दहा मिनिटांनी, किंवा दर वेळी तेवढ्याच अंतराने आवाज जात असेल तर स्क्रीन झोपते आहे. डेस्कटॉपवर स्क्रीन ब्लँकिंग बंद करा, नुसत्या कन्सोलवर ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’ मध्ये ‘कन्सोलब्लँक=०’ घाला. चित्र बंद झालं की त्याच्या फटीतला आवाजही जाणारच, हे वर आलंच आहे. टीव्हीच्या बाजूनेही ऊर्जा वाचवण्याची सेटिंग बघा. स्थिर चित्र बराच वेळ दिसलं की काही टीव्ही आपलं आपण बंद होतात.

टीव्ही स्वतःहून दुसऱ्या इनपुटवर उडी मारत असेल किंवा रिसीव्हर अवेळी जागा होत असेल, तर सीईसी. एकाच तारेवर सगळी उपकरणं एकमेकांना हुकूम सोडत असतात. सगळ्यांवर ते बंद करा, मग हवं असेल तर एकेकावर चालू करत दोषी कोण ते बघा.

आवाज अडखळतो, चित्र स्थिर

इथे बहुधा एचडीएमआय निरपराध, वाय-फाय कमकुवत. पण एक मजेदार अपवाद आहे, त्यात दोघंही सामील असतात. पाय ४ आला २०१९ मध्ये, आणि त्याच वर्षी काहींच्या लक्षात आलं की पडदा २५६० बाय १४४० वर, ६० हर्ट्झला ठेवला की वाय-फाय गळतं. त्या रिझोल्युशनचं घड्याळ २४१.५ मेगाहर्ट्झ, आणि तारेवरून बिट जातात दहापट वेगाने, म्हणजे २.४१५ गिगाबिट. वाय-फायचं पहिलं चॅनेल २.४१२ गिगाहर्ट्झवर. पोर्ट आणि अँटेना एकाच छोट्या बोर्डावर शेजारी शेजारी. कमी आच्छादनाची केबल, आणि संगीत अडखळायला लागतं. उपाय स्वस्त आहे: गाण्यांच्या प्लेअरला तेवढं रिझोल्युशन लागतच नाही, १०८०पी करा. किंवा ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वापरा. सगळ्यात उत्तम म्हणजे इथरनेटची तार.

मात्र रिझोल्युशन अति कमीही करू नका. ४८०पी मध्ये चित्राच्या फटीच लहान, त्यात ८ चॅनेलचा १९२ किलोहर्ट्झ आवाज मावत नाही. ७२०पी पासून मावतो. दोन चॅनेल ऐकणाऱ्याला याने फरक पडत नाही.

मधला डबा

एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढून ऑप्टिकलवर देणारे छोटे डबे पुष्कळ जण वापरतात. त्यांच्यावर बहुधा एक सरकपट्टी असते: दोन चॅनेल, ५.१, आणि ‘पास’. ‘पास’ म्हणजे पलीकडच्या टीव्हीची ओळखपत्रिका जशीच्या तशी पुढे. पलीकडे टीव्हीच नसेल तर पुढे जायला काही उरत नाही आणि आपण पुन्हा बिनआवाजाच्या डीव्हीआयवर. संगीतासाठी दोन चॅनेलवर ठेवा. आणि डब्याला त्याचा स्वतःचा अडॅप्टर लावा. एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनवर संगणकाने किमान ५५ मिलिअँपिअर द्यावेत एवढीच नियमाची अपेक्षा आहे. तेवढ्यावर ओळखपत्रिकेची चिप चालते, अख्खा डबा चालेल याची हमी कोणी दिलेली नाही.

टीव्हीला अँटेनाची किंवा केबलची तार जोडलेली असेल आणि स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल, तर ती तार काढून बघा. गुणगुण थांबली तर तो अर्थिंगचा प्रश्न आहे आणि वरचं काहीही त्यावर चालणार नाही.

एवढं करूनही आवाज बेभरवशाचाच राहिला तर मदत मागण्यापूर्वी चार गोष्टींची नोंद काढा, आवाज येत असतानाची आणि गेल्यानंतरची, दोन्ही वेळची: ‘स्टेटस’ फाइलीतला शब्द, ‘ईडीआयडी’ फाइलीची लांबी, ‘एप्ले -एल’ ची यादी, आणि ‘गेट_थ्रॉटल्ड’ चा आकडा. या दोन नोंदींत जो फरक दिसेल तिथेच दोष असतो. फरकच नसेल तर संगणक आपलं काम करतोय आणि रिसीव्हरच्या फर्मवेअरकडे बघायला हवं. पडदा अजिबातच लागत नसेल तर मी या वाटेला फार दिवस जाणार नाही. यूएसबी डॅक लावा, किंवा पायच्या पिनांवर थेट बसणारा आयटूएस डॅक बोर्ड. त्यांना ना ओळखपत्रिका लागते, ना टीव्ही जागा असावा लागतो.